तीन आत्या आणि एक वरवंटा

"भुआ मैं हूँ," सतवंत म्हणाली, भुआ म्हणजे त्यांच्यात आत्या, आणि चपला काढून सरळ पाळण्यापाशी येऊन उभी राहिली. अंगावर पोपटी सलवार-कमीज, मुठीत पोरीसाठी आणलेलं चांदीचं इवलंसं कडं.

"तू कशी?" तिच्या मागोमाग नूरबी आत आली. "भागाबाईनं मला सांगितलं मंगळवारी. मी घरी काजळ पाडून आणलंय."

तेवढ्यात दारात मिसेस पिंटो. रविवारी चर्चला घालायचा निळा झगा, टाचांचे बूट, कोपराला लटकवलेली पर्स. "अगो भागा," ती म्हणाली, "आत्यानं पुढं बसायचं की मागं? आमच्यात मादीन असते, बाळाची धर्माची आई, ती पुढं असते. मी पुढं बसते."

आमच्या त्या एवढ्याशा खोलीत पंचवीस-तीस बायका होत्या. सगळ्यांनी आधी तिघींकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. माझी सून मंगल बाराव्या दिवसाची बाळंतीण, तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. तिला हसायची बंदी होती, टाके ओले होते.

तिघींना मीच बोलावलं होतं. वेगवेगळं. आज कबूल करायला हरकत नाही, कारण त्यातल्या दोघी आता नाहीत आणि तिसरीला ऐकू येत नाही.

ही मनमाडच्या रेल्वे कॉलनीतली गोष्ट, कोळशाची इंजिनं होती तेव्हाची. आमचे हे मालगाडीवर गार्ड, मुलगा दत्तू लोकोशेडमध्ये. आमच्या ओळीत पंजाबी, मुसलमान, गोव्याचे किरिस्ताव, तेलगू, बिहारी, सगळ्या मुलखाची माणसं. एका नळावर भांडायचो आणि एकमेकींच्या पोरांना न्हाऊ घालायचो. मला कधी कुणाचं वावडं नव्हतं. हे मी सगळ्यांना सांगायची, आणि ते खरंही होतं, माझ्या उंबऱ्याच्या बाहेर.

मंगलला माहेर नव्हतं, मामानं वाढवलेली पोर, म्हणून बाळंतपण माझ्याकडेच झालं. मुलगी झाली. आमच्यात बाळाचं नाव आत्यानं ठेवायचं. पाळण्यात वाकून बाळाच्या कानात कुर्र करायचं आणि नाव सांगायचं, आणि नाव सांगितलं रे सांगितलं की जमलेल्या बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात. का घालतात ते मला विचारू नका. माझ्या सासूनंही मला सांगितलं नव्हतं, धपाटेच घातले होते.

तर आत्याशिवाय बारसं नाही. आणि दत्तूला सख्खी बहीण एकच, माझी कुसुम. ती काही सातासमुद्रापार नव्हती. मागच्याच ओळीत राहायची. आमच्या मोरीच्या खिडकीतून तिची तुळस दिसायची, ती खोकली तरी मला ऐकू यायचं. चार वर्षं मी तिच्याशी बोलले नव्हते.

तिनं सिग्नलमधल्या सुकुमारनशी लग्न केलं, केरळच्या. नाशिकला जाऊन सह्या केल्या आणि संध्याकाळच्या पॅसेंजरनं हार घालून परत आली. मुलगा वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, मला बोलायला जागा राहिली असती. मग मी धरलं ते खोबरेल तेलाला. भाजी खोबरेलात, डोकं खोबरेलात, माझी शेंगदाण्याच्या तेलावर वाढलेली पोर तिथं जगणार कशी, असं मी नळावर उभी राहून मोठ्यानं म्हणायची, म्हणजे मागच्या ओळीत ऐकू जाईल. तिची सासू कमलम्मा ओसरीत बसून ऐकायची. तिला मराठी येत नव्हतं, त्यामुळे ती माझ्याकडे बघून मान डोलवायची. त्यानं मला आणखीच राग यायचा.

बारशाचं आवतण आमच्यात तोंडानं आणि कुंकवानं होतं. चांदीची कोयरी घेऊन मी घरोघर गेले. आमचं सोडून कॉलनीत चौसष्ट क्वार्टर. त्रेसष्ट घरांतल्या बायकांना मी कुंकू लावलं.

दत्तू गुपचूप बहिणीकडे जाऊन आला. परत आला तो कान पाडून. "ती म्हणते, आईनं कोयरी घेऊन यावं. त्रेसष्ट घरं केली, मी काय रुळावर राहते?"

माझीच पोर. मान तशीच ताठ.

"मग राहू दे," मी म्हणाले. "आत्या मानलेलीही चालते."

पहिली गेले सतवंतकडे. तिचा नवरा इंजिन ड्रायव्हर, ती स्वतः इंजिनासारखी. तिनं सगळं ऐकलं, धपाट्यांचं ऐकून खदखदून हसली, आणि मग म्हणाली, "वो तो ठीक है. लेकिन कुसुम?" मी उठले आणि घरी आले. नकारच तो, असं धरलं. मग नूरबीकडे गेले. ती डोळे पुसत म्हणाली, "माझं भाग्य भागाबाई. पण कुसुम आहे ना?" तिथूनही उठले. चहा अर्धा टाकून उठले, नूरबीचा चहा टाकणं सोपं नाही. मग मिसेस पिंटो. ती म्हणाली, "कुसुमला विचारलंस?" म्हटलं, "केक चांगला झालाय," आणि निघाले.

तिघींनी नाही म्हटलं असं मी धरलं होतं. तिघींनी हो म्हटलं असं त्यांनी धरलं होतं. आणि आता तिघी पाळण्याभोवती उभ्या होत्या.

"नंबर लावा," बिहारी झा-बाईनं मागून सुचवलं.

"नंबर कसला," मी म्हणाले. माघार घेणं माझ्या रक्तात नाही. "तिघी ठेवतील नाव. पोरीला आत्या जास्त झाल्या म्हणून काही बिघडत नाही. नाव मी ठरवलंय. द्रौपदी."

मंगलनं तोंडातला पदर काढला. "सासूबाई, द्रौपदी?"

"माझ्या सासूचं नाव आहे."

"त्या तुम्हाला पोटभर जेवू देत नव्हत्या ना?"

"म्हणून काय नाव ठेवायचं नाही?"

आधी वरवंट्याचं झालं. आमच्यात बाळाच्या आधी वरवंटा नटवतात. माझा वरवंटा माहेरचा, काळा कुळकुळीत, आईनं दिलेला. त्याला धुऊन पुसून कुंची घातली होती. लाल खणाच्या दोन सारख्या कुंच्या मी शिवल्या होत्या, एक पोरीला, एक वरवंट्याला. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" म्हणत तो पाळण्याखालून एकीनं दिला, वरून दुसरीनं घेतला. मिसेस पिंटोनं कुंचीत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "याचा रंग बापावर गेलाय." तिथून जे हसणं सुरू झालं ते थांबेचना.

आलेल्या सगळ्यांना कुंकू लावून झालं. कोयरी मी देव्हाऱ्यापाशी ठेवली आणि पोरीला पाळण्यात घातलं, वरवंट्याच्या शेजारी.

"चल सतवंत."

सतवंत वाकली. एवढी मोठी बाई, पाळणा कुरकुरला. कानाशी तोंड नेलं, मग तोंड काढलं आणि आपलाच कान पोरीच्या तोंडाशी नेला. बराच वेळ तशीच. मग उभी राहिली, हात झटकले.

"नहीं सुनती. पूछती है, मेरी भुआ कहाँ है."

खोलीत हशा. मी म्हणाले, "बारा दिवसांचं पोर बोलतंय होय?"

"पंजाबी में बोली," सतवंत म्हणाली. "साफ."

"बाजूला हो. नूरबी, तू ये."

नूरबी बिचारी सरळ बाई. तिनं डोक्यावर पदर घेतला, वाकली, कान लावला. मला वाटलं ही तरी माझं ऐकेल. ती उठली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "भागाबाई, मला पण तेच बोलली. वरून म्हणाली, खाला, तुम्ही मोठ्या आहात, तुम्हीच सांगा माझ्या आजीला."

आता बायका एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. मंगल भिंतीला टेकून पोट धरून "आई गं, टाके, टाके" करत होती.

"मिसेस पिंटो," मी दात आवळून म्हणाले.

मिसेस पिंटोनं पर्स माझ्या हातात दिली, झगा सावरला, वाकली. उठली तेव्हा चेहरा गंभीर.

"काय म्हणाली?" झा-बाईला दम धरवेना.

"माझ्याशी इंग्लिशमध्ये बोलली."

"पण काय?"

"सेम."

त्या हशानं पोरगी दचकून रडायला लागली. मंगलनं तिला उचललं आणि देव्हाऱ्याशेजारच्या कोपऱ्यात पाठमोरी बसून पदराखाली घेतलं. पाळण्यात वरवंटा एकटा झोपून राहिला.

मी पर्स खाली ठेवली. "नळावर शिजलंय हे," मी म्हणाले. "तिघींनी मिळून शिजवलंय."

"नळावर नाही, इथंच शिजलं," नूरबी म्हणाली. "तू आमच्याकडे आलीस, आम्हाला आत्या म्हणालीस, आम्हाला आनंद झाला. माझ्या शकीलच्या कानात अजान झाली तेव्हा तू दाराशी गूळ घेऊन उभी होतीस. नाव कानातच सांगतात, तुमच्यात काय, आमच्यात काय. पण सख्खी मागच्या ओळीत रडत बसली असताना मी तिच्या जागेवर बसू? मला नाही जमायचं."

"रडत बसलीय?"

"सकाळपासून."

मी नेहमीचं बोलले. "मी जाणार नाही. पोर माझ्या दारातून तिकडे जायची नाही, आणि मी पोरीला सोडून जायची नाही."

"ना जा," सतवंत म्हणाली. "बच्ची को मैं ले जाती हूँ."

तिनं पाळण्यात हात घातला, लाल कुंची उचलून छातीशी धरली आणि मागच्या दारानं बाहेर पडली. वाऱ्यासारखी.

पुढचं कॉलनीत आजही सांगतात. सतवंत कौर पोर घेऊन पळाली आणि भागाबाई अनवाणी तिच्या मागे धावली. वैशाखातले अकरा वाजलेले. दोन ओळींच्या मधल्या गल्लीत इंजिनाची जळकी राख पसरलेली असायची, ती तव्यासारखी तापलेली. मी नऊवारीचा ओचा धरून एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत धावत होते, "थांब गं सतवंते, थांब" करत. माझ्या मागे नूरबी, तिच्या मागे मिसेस पिंटो, एका पायातली टाच राखेत रुतून राहिलेली, म्हणून वर-खाली, वर-खाली. त्यांच्या मागे सगळं बारसं. घुगऱ्यांचं पातेलंही कुणीतरी बरोबर घेतलं होतं. शेडमधून जेवायला निघालेले खलाशी कामगार सायकली धरून उभे राहिले. दोन कुत्री आमच्यात सामील झाली.

मी कुसुमच्या दारात पोचले तेव्हा सतवंतनं कुंची तिच्या हातात दिलेली होती. कुसुमचे डोळे सुजलेले. तिनं कुंची छातीशी धरली, पापा घ्यायला ओठ टेकले, आणि थांबली. झालर बाजूला करून पाहिलं.

"आई," ती म्हणाली. चार वर्षांनी पहिला शब्द. "हा वरवंटा आहे."

"मला माहीत आहे काय आहे तो," मी धापा टाकत म्हणाले. "माझाच आहे. तो न्यायला आलेय."

"घे मग. आत ये म्हणत नाही, तुला आमचा वास सहन व्हायचा नाही."

"मी कुठं म्हणतेय मला आत यायचंय."

आम्ही दोघी उंबऱ्याच्या दोन बाजूंना, मध्ये वरवंटा. तिनं तो पुढं केला नाही आणि मी हात केला नाही. मागं सगळी कॉलनी उभी. पायाला चटके बसत होते, पण पाय हलवला तर हरल्यासारखं दिसलं असतं.

तेवढ्यात आतून कमलम्मा आली. काठाची पांढरी साडी, ओले केस, कपाळाला चंदन. तिनं गर्दी पाहिली, मला पाहिलं, लाल कुंची पाहिली आणि तिचा चेहरा असा फुलला की काय सांगू. तिला वाटलं आम्ही नात दाखवायला आणली. ती लगबगीनं आत गेली आणि विड्याचं पान आणि काळा दोरा घेऊन आली. त्यांच्यात अठ्ठाविसाव्या दिवशी बाळाच्या कमरेला काळा दोरा बांधतात आणि एका कानावर पान झाकून दुसऱ्या कानात नाव सांगतात, हे मला पुढं कुसुमनं सांगितलं. दोरा तिनं कधीचा वळून ठेवला होता. आमच्या पोरीसाठी. बोलावणं नसताना.

तिनं कुसुमच्या हातून कुंची घेतली, मांडी घालून उंबऱ्यात बसली, झालर बाजूला केली. आत काळा कुळकुळीत दगड.

कुसुम म्हणाली, "अम्मा..." आणि पुढं तिला हसू आवरेना, सांगता येईना.

कमलम्मानं दगडाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. माझी नऊवारी, माझी नथ, माझ्यामागं उभ्या असलेल्या तीस बायका. तिच्या मनात काय आलं ते मला स्वच्छ दिसलं: हे लोक दगडाला बाळाचे कपडे घालतात आणि एवढ्या उन्हातून मिरवत आणतात, तर असेल त्यांची रीत, आपण काय म्हणून नावं ठेवायची. तिनं मान डोलवली, तीच, नळावर मला राग आणणारी मान. वरवंट्याच्या कमरेला अगदी बेतानं काळा दोरा बांधला, फार घट्ट नको म्हणून खाली बोट घालून पाहिलं. मग त्याच्या एका बाजूला विड्याचं पान धरलं आणि दुसऱ्या बाजूला ओठ नेऊन हळूच काहीतरी सांगितलं. आणि दोन्ही हातांनी माझ्याकडे परत दिला, मान सांभाळून.

मला वाटलं आता रडू येणार. आलं हसू. मी अशी हसले की राखेतच बसले, आणि चटका बसला म्हणून पुन्हा उठले. मला हसताना पाहून कमलम्माही हसायला लागली, कशाला ते न कळता. कुसुम दाराच्या चौकटीला धरून वाकली होती. मिसेस पिंटो एका टाचेवर उभी राहून डोळे पुसत होती, आणि सतवंत सगळ्यांना सांगत होती, "मेरी क्या गलती, वजन तो उतना ही था."

वरवंटा काखेत धरून मी हातातली कोयरी उघडली. आधी कमलम्माला कुंकू लावलं, तिच्या चंदनाच्या खाली, जागा करून. मग कुसुमला. थोडं कुंकू तिच्या नाकावर सांडलं.

"आमच्या नातीचं बारसं आहे," मी म्हणाले, त्रेसष्ट घरी म्हटलं तसंच, एक शब्द कमी-जास्त नाही. "घरच्या सगळ्यांनी यायचं."

"येते," कुसुम म्हणाली. खाली बघितलं. "अनवाणी आलीस? ह्या घाल." आणि तिच्या चपला पायानं माझ्याकडे सरकवल्या.

पाळण्यापाशी ती वाकली तेव्हा मी तिला बजावलं, "द्रौपदी." ती कुर्र करून किती तरी वेळ पोरीच्या कानाशी राहिली. उठून म्हणाली, "जाई."

मंगलनं मोठा श्वास सोडला. माझी सासू वरून बघत असेल तर बघू दे, पण नाव ठेवायचा मान आत्याचा, त्यात मी बोलू शकत नाही.

आता धपाटे. कुसुम पाठ करून उभी राहिली. मी बायकांकडे पाहिलं, एकही पुढं येईना. सतवंतनं हात मागं बांधले. नूरबी छताकडे बघत होती. मी मूठ उचलली आणि घातला एक.

"आई," कुसुम मागं न वळता म्हणाली, "जरा जोरात. चार वर्षांचं आहे."

मग घातले. मोजले नाहीत. शेवटचे काही तसे धपाटे नव्हतेच, हात तिथंच राहिला. ते पाहून मिसेस पिंटो पुढं आली आणि म्हणाली, "आम्ही पण आत्या होतो, आमचं काय?" आणि झगा सावरून पाठ केली. तिघींना घातले. सतवंतनं मला उलटा एक घातला, तो अजून दुखतो. कमलम्माला वाटलं हीही रीत, ती रांगेत येऊन उभी राहिली.

जाईला मिसेस पिंटो जन्मभर जास्मिन म्हणाली, नूरबी यास्मिन, आणि कमलम्मा मुल्ला, त्यांच्याकडे जाईला तेच म्हणतात. "पोरीला मुल्ला काय म्हणता," असं नूरबी तिला दरवेळी विचारायची, आणि कमलम्मा मान डोलवायची. पोरगी मात्र कुणीही हाक मारली की धावायची, खाऊ कुणाकडे आहे ते बघून.

गेल्या महिन्यात तिच्या धाकट्या भावाच्या मुलाचं बारसं झालं. आता जाई आत्या. धपाटे खाऊन माझ्यापाशी येऊन बसली, पाठ चोळत. मी तिला पुन्हा सगळं सांगत होते, सतवंत, राख, वरवंटा. ऐकता ऐकता ती मध्येच म्हणाली, "आजी, कोयरी देव्हाऱ्यापाशी ठेवली होतीस ना?"

"हो."

"मग तिथं दारात तुझ्या हातात कशी आली?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

"धावता धावता उचलली असेन."

"पोर पळवलं तर कुणी कोयरी उचलायला थांबतं?"

मी इकडेतिकडे पाहिलं. कुसुम लांब होती, घुगऱ्या वाटत होती. "तुझ्या आत्याला सांगू नकोस," मी म्हणाले. "कोयरी घ्यायला वाकले तेव्हा तू तिथंच होतीस, आईच्या मांडीवर, दूध पीत. तुझा पाय माझ्या मनगटाला लागला."

जाईनं तोंडावर हात ठेवला. तिचे खांदे हलायला लागले. "मग तू धावलीस कशाला?"

"कशाला म्हणजे," मी म्हणाले. "माझ्या आईचा वरवंटा होता. आणि वाटण राहिलं होतं."